एका चिठ्ठीचें परीक्षण

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस एक लोकरी शाल भेट म्हणून आणून दिली. शाल मऊ, रंग सौम्य, वीण सारखी. तिच्याविषयीं तक्रार करण्यास जागा नाहीं. परंतु तिच्या एका कोपऱ्यास दोऱ्यानें बांधलेली पुठ्ठ्याची एक लहानशी चिठ्ठी होती आणि तिच्यावर इंग्रजींत एक वाक्य छापलेलें होतें. त्याचें मराठी आम्ही असें करतों: ‘ही शाल जबाबदारीनें मिळविलेल्या लोकरीपासून बनविलेली आहे.’ आमच्या मंडळींनीं शालीची घडी उलगडून पोत पाहिला, कन्येनें चिठ्ठी वाचून समाधान दर्शविलें, आणि आम्ही मात्र, तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या निबंधांतील वाक्यें तपासण्याची खोड अंगीं जडलेली असल्यामुळें, त्या वाक्यापाशींच अडून बसलों.

ज्या मासिकाच्या पृष्ठांवर काव्यनाटकांचें परीक्षण व्हावयाचें, तेथें दुकानांतील चिठ्ठीची चिकित्सा कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर सरळ आहे. आजच्या सुशिक्षित कुटुंबांत कवितेचें पुस्तक वर्षांतून एखादें येतें; पण कपडे, पादत्राणें, उशा, रजया, पिशव्या, गालिचे यांच्याबरोबर असलीं वाक्यें वरचेवर घरांत येतात आणि वाचलीं जातात. तीं वाचून माणसें दोन पैसे जास्त देतात व त्या दोन पैशांत वस्तूबरोबर मनाचें समाधानहि विकत घेतात. ज्या वाङ्मयाचा वाचकाच्या सदसद्विवेकावर इतका सरळ परिणाम होतो, तें आकारानें दोन बोटें असलें तरी टीकेस पात्र आहे. किंबहुना त्याच्यावर टीका होत नाहीं, हेंच त्याच्या यशाचें रहस्य असावें.

आतां वाक्याकडे वळूं. ‘जबाबदार’ हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. ‘जबाब’ म्हणजे उत्तर. विचारल्यास ज्याला उत्तर द्यावें लागतें तो जबाबदार. मूळ इंग्रजी शब्दाच्या पोटींहि उत्तर देणें हाच धातु आहे. म्हणजे या शब्दांत दोन माणसें गृहीत धरलेलीं आहेत: एक विचारणारा आणि एक उत्तर देणारा. चिठ्ठींत या दोघांचाहि पत्ता नाहीं. ‘मिळविलेल्या’ लोकरीपासून, कोणीं मिळविली तें नाहीं. ‘बनविलेली आहे’, कोणीं बनविली तें नाहीं. ज्या मेंढीच्या अंगावरून लोकर उतरली ती मेंढीदेखील वाक्यांत नाहीं. क्रिया दोन, कर्ता एकहि नाहीं, आणि अशा निराधार क्रियेला ‘जबाबदारीनें’ हें क्रियाविशेषण चिकटविलेलें! कर्मणि प्रयोगांत कर्ता गाळतां येतो हें व्याकरणास मान्य आहे. ‘चोर पकडला गेला’ असें म्हटल्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण ‘चोर मोठ्या शौर्यानें पकडला गेला’ असें कोणी लिहिलें तर शौर्य कोणाचें, हा प्रश्न उठल्यावांचून राहत नाहीं. गुण सांगावयाचा आणि गुणी सांगावयाचा नाहीं, ही लेखनाची पद्धत आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि चालूं देत नाहीं.

तथापि टीकाकारानें आधीं कृतीच्या बाजूनें जें म्हणावयाचें तें म्हटलें पाहिजे. या एका क्रियाविशेषणामागें खरी करुणा आणि पुष्कळांची खटपट आहे. ऑस्ट्रेलियांतील मेरिनो मेंढ्यांची कातडी सुरकुतलेली असते. शेपटीखालच्या ओलसर सुरकुत्यांत माशा अंडीं घालतात आणि अळ्या जिवंत मांस खाऊं लागतात. यावर उपाय म्हणून कोंकराच्या शेपटीभोंवतालचे कातडीचे पट्टेच कापून काढण्याची चाल तेथें १९३० च्या सुमारास निघाली. रोगापासून वांचविण्यासाठीं केलेली ही क्रिया स्वतःच इतकी क्रूर, कीं न्यूझीलंडनें २०१८ सालीं ती कायद्यानें बंद केली. ब्रिटनमध्यें १९६५ सालीं ब्रॅम्बेल समितीनें असें मत दिलें कीं, पाळीव जनावराला निदान उठतां, बसतां, वळतां, अंग चाटतां व हातपाय ताणतां आले पाहिजेत. त्याच विचारांतून पुढें भूक, अस्वास्थ्य, वेदना, भीति आणि कोंडमारा यांपासून मुक्तता अशीं पांच स्वातंत्र्यें मानलीं गेलीं. उशांत व रजयांत भरावयाच्या पिसांसाठीं जिवंत हंस-बदकांचीं पिसें उपटण्याची चाल होती; २०१४ मध्यें निघालेल्या पिसांच्या प्रमाणकानें ती आपल्या कक्षेंत निषिद्ध ठरविली. लोकरीचें तसलेंच प्रमाणक २०१६ मध्यें आलें आणि त्याच्या पुढील सुधारणेंत कुरणावर राबणाऱ्या माणसांच्या हिताचाहि विचार झाला. हें सर्व स्तुत्य आहे. ज्यांनीं तें केलें त्यांना नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. आमची तक्रार अशी कीं, इतक्या खटपटीचा चिठ्ठीवर येतांना केवळ एक गोड शब्द उरतो. आणि गोड शब्द एकदां सुटा झाला कीं तो कोणालाहि, कोणत्याहि मालावर छापतां येतो.

कर्ता नसलेलें वाक्य काय करूं शकतें याचें उदाहरण पाहावयाचें असेल तर शाहतूसच्या शालीचें पाहावें. अंगठींतून आरपार जाणारी ही शाल काश्मिरांत विणली जात असे आणि श्रीमंत घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या जपली जाई. तिच्या लोकरीविषयीं गिऱ्हाइकास एक रम्य कथा सांगत: तिबेटच्या पठारावर एक रानटी प्राणी आहे, ऋतु पालटला कीं त्याची लोकर गळते, झुडपांना व खडकांना अडकते आणि गुराखी ती वेंचून आणतात. कथेंत रक्ताचा थेंब नाहीं. वारा आहे, हिमालय आहे, वेंचणारे निष्पाप हात आहेत. ही कथा ऐकून कोणाचें मन प्रसन्न होणार नाहीं? खरी गोष्ट निराळी होती. चिरू नांवाच्या त्या हरणासारख्या प्राण्याला गोळी घालून, त्याचें कातडें काढून ही लोकर मिळविली जाई, आणि एका शालीसाठीं तीन ते पांच प्राण्यांचा जीव जात असे. पठारावर वर्षानुवर्षें हिंडलेले प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनीं ही गोष्ट जगापुढें मांडली. तिबेटांत एके काळीं लाखोंनीं असलेला हा प्राणी १९९० नंतरच्या दशकांत सुमारें पाऊण लाखावर आला असा त्यांचा अंदाज होता. या लोकरीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७९ पासून निषिद्ध होता. तरीहि ती कथा, आणि तिच्याबरोबर शाल, पुढें कित्येक वर्षें विकली गेली. सुदैवानें संरक्षणामुळें चिरूची संख्या अलीकडे सावरली आहे. परंतु या व्यवहारांत ज्या काश्मिरी सूतकताई करणाऱ्या बायकांची व विणकरांची रोजी बुडाली, त्या बायकांचा व विणकरांचा उल्लेख ना जुन्या कथेंत होता, ना नव्या मनाईंत.

गोड कथा आणि खोटी कथा एकच असते असा आमचा सिद्धांत नाहीं. पण विकत घेणाऱ्यास जी कथा सर्वांत सुखकर वाटते, ती त्यानें सर्वांत आधीं तपासावी, इतका धडा येथून घेण्यास हरकत नसावी.

आणि हा सर्व दोष दूरच्या लोकांचा, असें म्हणून आपणांस सुटतां येत नाहीं. कारण कर्ता गाळण्याची कला आपल्या घरांत फार जुनी आहे. आमच्या लहानपणीं पूजेच्या वेळीं आजोबांचा रेशमी मुकटा असे आणि आजीची धाबळी. कापसाचें धुतलेलें वस्त्र कोणाचा हात लागतांच ओंवळें होई; रेशमाला व लोकरीला ती बाधा सहसा नसे. आम्हां मुलांना खुंटीवरच्या मुकट्यापाशीं जाण्याचीहि बंदी होती. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, याची इतकी बारीक चौकशी करणाऱ्या त्या घरांत, हें रेशीम आलें कोठून, हा प्रश्न कोणी विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं. तो विचारला असता तर उत्तर असें मिळालें असतें: तुतीचा पाला खाऊन वाढलेली अळी स्वतःभोंवतीं कोश विणते, पतंग होऊन ती कोश फोडून बाहेर पडली तर अखंड धागा तुटतो, म्हणून तत्पूर्वींच कोश वाफेनें किंवा उष्णतेनें तापवून आंतील जीव मारतात. एक किलो रेशमास साधारण सहा ते आठ किलो कोश लागतात आणि एका कोशाचें वजन दीड-दोन ग्राम भरतें. हिशेब ज्यानें त्यानें करावा; किलोमागें तीन ते पांच हजार जीव होतात. सोंवळ्याचें वस्त्र तें हें!

आम्ही आजोबांची थट्टा करीत नाहीं. त्यांच्या श्रद्धेस आम्ही आजहि मान देतों. पण त्यांचें सोंवळें वस्त्राच्या जन्माची चौकशी करीत नसे. तें करी केवळ स्पर्शाची चौकशी. आणि आजची चिठ्ठी पाहून आमच्या मनांत जी शंका आली ती ही कीं, हें एक नवें सोंवळें तर नव्हे? जुन्या सोंवळ्यानें माणसाच्या स्पर्शापासून वस्त्र जपलें. नवें सोंवळें अपराधाच्या स्पर्शापासून गिऱ्हाइकाचें मन जपतें. दोहोंतहि जपणूक होते ती नेसणाराची. ज्याच्या अंगावरून वस्तु आली तो प्राणी आणि ज्याच्या हातून ती आली तो माणूस, हे दोघेहि उंबरठ्याबाहेर.

रेशमाच्या बाबतींत हा दोष ओळखून कांहीं सज्जनांनीं उपाय शोधला आहे. हैदराबादकडील कुसुम राजय्या यांनीं पतंग बाहेर पडूं देऊन उरलेल्या कोशांपासून सूत कातण्याचा मार्ग धरला आणि त्या रेशमास ‘अहिंसा रेशीम’ असें नांव दिलें. प्रयत्न प्रामाणिक आहे; सुताला चकाकी कमी आणि किंमत जास्त, तरी तो चालला आहे. पण येथेंहि कथा अर्ध्यावर थांबते. हजारों वर्षें माणसानें पाळलेला हा पतंग उडूं शकत नाहीं, कांहीं खाऊं शकत नाहीं, आणि थोड्या दिवसांतच मरतो. एक मादी तीन-चारशें अंडीं घालते. तीं सर्व उबवावयाचीं तर त्या अळ्यांना पुरेल इतकी तुती कोठून आणावयाची? म्हणजे पहिल्या पिढीला दिलेलें जीवदान दुसऱ्या पिढीच्या उपासमारीवर तरी उभें राहतें, किंवा अंडीं नष्ट करण्यावर तरी. आसामकडील एरी रेशमाचा कोश एका टोंकाला उघडा असतो, सबब तेंहि अहिंसक म्हणून विकलें जातें. परंतु ज्या प्रदेशांत तें होतें तेथें कोशांतील कीटक हें आवडीचें खाद्य आहे आणि लोक तें उघडपणें, कोणतीहि लाज न बाळगतां खातात. आम्हांस त्या लोकांचा व्यवहार चिठ्ठीपेक्षां अधिक सरळ वाटतो.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. २००३ सालीं ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें भारतांतील रेशीम-धंद्यांत कर्जापायीं वेठीस धरलेल्या मुलांविषयीं एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत कर्नाटक, तमिळनाडु आणि उत्तर प्रदेश येथील हकिगती आहेत: उकळत्या पाण्यांतून कोश काढणारे लहान हात, मागाखालीं बसून दिवस काढणारीं मुलें. आपल्या येवल्याच्या पैठणीलाहि बहुतेक सूत कर्नाटकांतून येतें, तेव्हां हें प्रकरण महाराष्ट्राच्या लग्नमंडपापासून फार दूरचें नव्हे. त्या अहवालाला आतां वीस वर्षें उलटून गेलीं आणि मध्यंतरीं पुष्कळ सुधारणा झाल्या असतील. झाल्या असाव्यात अशी आमची इच्छा आहे. आमचा मुद्दा एवढाच कीं, ‘या रेशमासाठीं एकहि कीटक मारला नाहीं’ असें वाक्य जेथें छापतां येतें, तेथें ‘या रेशमासाठीं एकहि मूल राबविलें नाहीं’ या वाक्याला जागा सहज होती. ती जागा मोकळी कां राहिली, हें टीकाकारानें विचारलें पाहिजे.

येथें आम्ही चामड्याकडे येतों, आणि या निबंधांतील अत्यंत कठीण प्रश्नाकडेहि. जनावरापासून मिळणाऱ्या वस्तूंच्या निर्दोष उगमाचा विचार आपल्या देशांत प्रथम युरोपांतून आला, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. गांधीजींनीं मारलेल्या जनावराचें कातडें नाकारून, नैसर्गिक रीतीनें मेलेल्या जनावराच्याच चामड्याचा पुरस्कार केला होता. १९३४ च्या अखेरीस वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला; वर्ध्याजवळच नालवाडी येथें अशा मृत जनावरांचें चामडें कमावण्याचें चर्मालय चाललें. खेड्यांत मेलेलें ढोर वाया जाऊं नये, त्याचें कातडें, हाडें, शिंगें, सर्वांचा उपयोग व्हावा, कमावणाराचें काम स्वच्छ व प्रतिष्ठित व्हावें, असा त्या प्रयत्नामागील विचार होता. आजच्या कोणत्याहि प्रमाणकाशेजारीं ठेवावा इतका तो उदात्त आहे, आणि कित्येकांपेक्षां अधिक पूर्णहि आहे. कारण त्यांत निदान कमावणाराची आठवण होती.

परंतु त्याच महाराष्ट्रांतून त्याला एक उत्तर आलें, आणि तें उत्तर न वाचतां हा विषय पुरा होत नाहीं. मेलेलें ढोर आपल्या पायांनीं चालत चर्मालयांत येत नाहीं. तें कोणी तरी ओढून आणावें लागतें. तो ‘कोणी तरी’ कोण, हें गांवानें शेंकडों वर्षांपूर्वीं ठरवून टाकलें होतें. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत आपल्या लोकांस मृत मांस सोडून देण्यास सांगितलें, आणि त्यानंतर गांवोगांव पुष्कळांनीं मेलेलीं ढोरें ओढण्याचें कामहि टाकलें. तेव्हां कांहीं लोकांनीं हिशेब मांडून दाखविला कीं, कातडीं, शिंगें व हाडें सोडल्यानें या समाजाचें वर्षाकाठीं अमुक इतकें नुकसान होतें. १९५६ च्या ऑक्टोबरांत नागपूरच्या भाषणांत आंबेडकरांनीं या हिशेबाचा समाचार घेतला. फायदाच आहे तर तुम्ही ओढा आणि तुम्हीच तो घ्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आमच्या लोकांना मानापुढें तो फायदा नको. या उत्तरांत व्याकरण आहे. कर्मणि वाक्य त्यांनीं पकडून कर्तरि केलें. ‘ढोर ओढलें जातें’ असें गांव म्हणत होतें, ‘कोण ओढतो?’ असें त्यांनीं विचारलें.

हा प्रश्न जुना झाला असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं ११ जुलै २०१६ हा दिवस आठवावा. गुजराथेंत उना तालुक्यांतील मोटा समढियाळा गांवीं मेलेल्या गाईचें कातडें सोलणाऱ्या दलित तरुणांना गोहत्येचा आळ घालून मारहाण झाली. पुढें उना शहरांत नेऊन अर्धनग्न करून त्यांना चारचौघांत काठ्यांनीं झोडपलें. गांधीजींच्या व्याख्येप्रमाणें पाहिलें तर तें चामडें सर्वथा अहिंसक होतें. जनावर मारलेलें नव्हतें. हिंसा झाली ती चामड्यांत नव्हे. चामडें काढणाऱ्याच्या पाठीवर झाली. नंतर निषेध म्हणून सुरेंद्रनगर येथें लोकांनीं मेलेलीं ढोरें कलेक्टर कचेरीपुढें आणून टाकलीं आणि ज्यांची माता आहे त्यांनीं तिची व्यवस्था करावी असें सुनावलें. साठ वर्षांपूर्वींचें नागपूरचें उत्तर तेंच होतें; फक्त या वेळीं तें शब्दांत दिलेलें नव्हतें.

त्या दिवशींच्या कातड्यापासून एखादी पिशवी झाली असती, तर तिच्या चिठ्ठीवर ‘जबाबदारीनें मिळविलेलें चामडें’ असें छापण्यास कोणतीहि अडचण नव्हती. कारण जनावराच्या बाजूनें सर्व प्रश्नांचीं उत्तरें निर्दोष होतीं. चिठ्ठीवरील आमचा मुख्य आक्षेप तो हा.

यावर दोन्ही टोंकांकडून हरकती येतील. एक पक्ष म्हणेल कीं, मग प्राण्यापासून आलेली वस्तु मुळींच नको. या पक्षाच्या सुसंगतपणाचा आम्ही आदर करतों. पण लोकर टाकून जी ऊबदार बंडी घेतली जाते ती बहुधा खनिज तेलापासून केलेल्या धाग्याची असते व धुतांना तिचे सूक्ष्म तंतु पाण्यांत जातात. आणि चामड्याऐवजीं जें ‘चामड्यासारखें’ घेतलें जातें तें बहुधा प्लॅस्टिकच असतें. तेथेंहि राबणारे हात आहेत आणि तेथील वाक्यांतहि कर्ता नाहीं. दुसरा पक्ष म्हणेल कीं, इतकी चौकशी करीत बसलें तर माणसानें नेसावें काय? या पक्षास आम्ही एवढेंच सांगूं कीं, मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपण सात पिढ्यांची चौकशी न थकतां करतों. शालीच्या एका पिढीची चौकशी करण्यानें कोणी उघडा पडणार नाहीं.

शिवाय कर्त्यासकट वाक्य लिहितां येतें, आणि तें आपल्याच प्रदेशांत नित्य लिहिलें जात होतें. फक्त तें चिठ्ठीवर छापलेलें नव्हतें. दख्खनच्या काळ्या मेंढ्या धनगर पाळतो, वर्षांतून दोनदां त्यांची लोकर कातरतो, घरच्या बायका सूत काढतात, सनगर तें मागावर विणतो आणि चिंचोक्याची खळ देतो. तें झालें घोंगडें. या वाक्यांत प्रत्येक क्रियेला कर्ता आहे आणि मेंढी जिवंत आहे. पण जाडीभरडी लोकर कोणी विकत घेईना म्हणून कित्येक ठिकाणीं कातरणीचा खर्चहि निघत नाहीं. लोकर उकिरड्यावर जाते आणि धनगर हळूंहळूं मांसाच्या जातींकडे वळतो. प्रमाणपत्राचा खर्च त्याला झेपत नाहीं, म्हणून त्याची लोकर ‘जबाबदार’ ठरत नाहीं; समुद्रापलीकडून आलेली ठरते. कोल्हापुरी वहाणेची तीच गत. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें चामडें, त्यावर बायकांनीं घातलेली वेणी, कारागिराचा हात ओळखूं यावा इतकी वेगळी घडण. २०१९ मध्यें तिला महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार जिल्ह्यांची वस्तु म्हणून भौगोलिक मानांकन मिळालें. तरी जून २०२५ मध्यें मिलान येथें प्राडाच्या प्रदर्शनांत तसल्याच वहाणा मिरवल्या गेल्या तेव्हां कोल्हापूरचें नांव प्रथम उच्चारलें गेलें नाहीं. ओरड झाल्यावर मग त्या घराण्यानें ऋण मान्य केलें. जगांत वस्तु पोहोंचली. कर्ता मागें राहिला.

तेव्हां चांगली चिठ्ठी कशी असावी? आमच्या मतें तिच्यांत विशेषण एकहि नसावें. मेंढ्या कोणाच्या, कोणत्या कुरणावरच्या, कोणीं कातरल्या, सूत कोठें झालें, कोणीं विणलें आणि त्याला काय मिळालें, एवढीं पांच साधीं, कर्तरि प्रयोगाचीं वाक्यें असावीं, आणि शेवटीं ज्याला पत्र लिहितां येईल असा एक पत्ता असावा. मग ‘जबाबदारीनें’ हा शब्द छापला नाहीं तरी चालेल. जबाब देणारा समोर असला म्हणजे पुरे. आणि वाचकानेंहि, म्हणजे तुम्हीं आम्हीं, विचारणाराची जागा रिकामी ठेवूं नये. घरांत असलेली शाल, जोडे, रजई आधीं झिजेपर्यंत वापरावी, उसवली तर शिवून घ्यावी, आणि नवी घेतांना दुकानदारास एक तरी प्रश्न विचारावा. त्यास उत्तर देतां येणार नाहीं, हें ठाऊक असतांनाहि विचारावा. कारण तोच प्रश्न शंभर गिऱ्हाइकांनीं विचारला म्हणजे उत्तर शोधून ठेवणें दुकानदारास भाग पडतें.

उपदेश करून स्वतः मोकळें राहणें बरें नव्हे, म्हणून आम्हीं आपल्या शालीविषयीं विकणाऱ्यांस पत्र लिहिलें. लोकर कोठील आणि शाल कोणीं विणली, एवढेंच विचारलें. तीन आठवड्यांनीं अत्यंत विनयशील उत्तर आलें. त्यांत आमचे आभार मानले होते आणि पुढें लिहिलें होतें कीं, सदर शाल जबाबदारीनें मिळविलेल्या लोकरीपासून बनविलेली आहे. कन्येनें तें वाचलें, थोडा वेळ ती गप्प राहिली, आणि मग तिनें स्वतःच कागद पुढें ओढून दुसरें पत्र लिहावयास घेतलें. पत्रांत तिनें एकच प्रश्न घातला: ‘कोणीं?’ तें पत्र टपालांत टाकलें आहे. उत्तर आल्यास वाचकांस कळवूं.